नऊ मरत नाही

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गिरणीतली माणसं पाय ओढत घराकडे निघतात, ही सोलापूरची रोजची रीत. पण त्या फाल्गुनात ती रीत मोडली होती. भोंगा झाला की माणसं धावत सुटायची ती थेट चाळीमागच्या चिंचेकडे. कपाळावरचा कापूस झाडायचंही कुणाला भान नसायचं. चिंचेखाली नवनिधी महाराज बसलेले असायचे, आणि महाराज माणसाच्या मनातला आकडा ओळखायचे.

"बिल्ला काढ," महाराज म्हणाले.

गिरणीचा टाइमकीपर चन्नवीर पुढे बसला होता. गिरणीत माणसाला नावापेक्षा नंबर मोठा, आणि तो नंबर ज्याच्या त्याच्या पितळी बिल्ल्यावर कोरलेला. चन्नवीरनं आपला बिल्ला मुठीत झाकला.

"मला दाखवू नकोस. तुझं नशीब आहे ते, मी कशाला बघू? त्यातले आकडे एकमेकांत मिळव. जे येईल ते बिल्ल्याच्या नंबरातून वजा कर. केलंस?"

चन्नवीरनं पाटीवर खरडलं. त्याचा नंबर सत्तावीसशे सेहेचाळीस. दोन, सात, चार नि सहा मिळून एकोणीस. ते वजा जाता उरले सत्तावीसशे सत्तावीस.

"आता त्यातला एक आकडा मनात लपव. बाकीचे मोठ्यानं सांग, कसेही उलटेसुलटे. फक्त शून्य लपवू नकोस. शून्यात देव राहत नाही."

"दोन. सात. दोन," चन्नवीर म्हणाला.

महाराजांनी डोळे मिटले. पोट आत ओढलं, बाहेर सोडलं. मग एक बोट वर गेलं. "सात लपवलास, लबाडा!"

चन्नवीरच्या हातून पाटी पडली. बायाबापड्यांनी कानशिलावर बोटं मोडली. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, तरी त्यांनीच जास्त जयजयकार केला.

"कुणी ओळखला? मी? छे! नवानं ओळखला!" महाराज आता तालात आले. "ग्रह किती? नऊ. नाथ किती? नऊ. देवीच्या रात्री नऊ, पोटात बाळ नऊ महिने, देहाला दारं नऊ. जपमाळेचे मणी एकशे आठ, एक नि आठ नऊ! कलियुगाची वर्षं चार लाख बत्तीस हजार, चार नि तीन सात नि दोन नऊ! आठाचं बघा. आठ दुणे सोळा, एक नि सहा सात. आठ पहिल्या पावलाला मेला! नवाचं बघा. नऊ दुणे अठरा, एक नि आठ नऊ. नऊ त्रिक सत्तावीस, दोन नि सात नऊ. नऊ चोक छत्तीस, तीन नि सहा नऊ. किती पटी करा, नऊ मरत नाही! आणि नवाच्या गाठीत जो बांधला गेला, त्याला कोण मारणार?"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या केराबाईनं लेकीचा हात घट्ट धरला.

केराबाई गिरणीच्या रिळिंग खात्यात सुताच्या लडी गुंडाळायची. माहेर मैंदर्गीकडचं, मेंढरंवाल्यांचं. नवरा सिदू चार वर्षांपूर्वी पटकीत गेला तेव्हापासून ती आणि सात वर्षांची चिमी, एवढंच घर. शेजारच्या खोलीत तिचा चुलत दीर येडू राहायचा. सुताच्या गोदामात हातगाडी ओढायचा. तोंडानं फटकळ, पण पगाराच्या दिवशी चिमीला शेवचिवड्याची पुडी आणल्याशिवाय घरी यायचा नाही.

दोन दिवसांमागं भर दुपारी पाण्याच्या नळावर एक लाळ गाळणारं कुत्रं चिमीच्या पोटरीला लोंबकळलं. रांगेतल्या बायका घागरी टाकून पळाल्या. येडू तेवढा धावला. हातात काही नव्हतं, त्यानं नुसत्या हातांनी कुत्र्याचा जबडा उचकटला. कुत्र्यानं चिमीला सोडलं आणि येडूचा गाल फाडला. मग लोकांना काठ्या सापडल्या आणि कुत्रं मेलं.

चाळीच्या टोकाला पीरसाब मास्तर राहायचे, म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीला गणित शिकवायचे. ते त्याच संध्याकाळी आले. जखमा साबणानं धुवायला लावल्या आणि म्हणाले, "केराबाई, कुत्रं पिसाळलेलं होतं. उद्या सकाळी दोघांना सरकारी दवाखान्यात न्यायचं. पूर्वी ह्या सुयांसाठी पार उत्तरेत, कसौलीला जावं लागायचं, आता औषध मुंबईहून इथंच येतं. पोटात चौदा सुया, रोज एक. दुखतं. पण पर्याय नाही."

"सिदूला तितंच न्हेलं हुतं, मास्तर," केराबाई म्हणाली. "जित्ता गेला. कापडात बांधून आला."

सिदूला पटकी झाली तेव्हा पहिले दोन दिवस भगत लिंबाचा पाला फिरवत बसला होता, हे मास्तरांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेल्यावर त्याला दवाखान्यात नेलं, आणि तो दुपारपर्यंतही टिकला नाही. चाळीनं मात्र एवढंच लक्षात ठेवलं की सिदू दवाखान्यात मेला. भगताचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याकडे हे नेहमीच असं होतं, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

तर आता केराबाई चिंचेखाली महाराजांसमोर बसली होती. तिच्या मागं गालाला फडकं बांधलेला येडू होता.

"किती सुया म्हणाला तुझा मास्तर?"

"चौदा, महाराज."

"चौदा!" महाराजांनी कानावर हात ठेवले. "एक नि चार किती? पाच. पाच म्हणजे काय, माहीत आहे? पंचत्व! माणूस मेला की पंचत्वात जातो म्हणतात, ते हेच पाच. डॉक्टर तुझ्या पोरीच्या पोटात मरण टोचणार, बाई, आणि वर मोजून टोचणार!"

महाराजांनी काळ्या दोऱ्याला नऊ गाठी मारल्या. एक दोरा चिमीच्या घोट्याला, एक येडूच्या मनगटाला. नऊ दिवस कडुलिंबाची नऊ पानं, नऊ घोट पाणी, आणि नवव्या दिवशी नऊ शेर ज्वारी महाराजांच्या आश्रमाला. सुईचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर गाठ सुटते.

केराबाईनं मान डोलावली. तिला जी गोष्ट ऐकायची होती ती कुणीतरी अखेर म्हणालं होतं. लेक मरणार नाही.

*

दोन गाडगी होती, एक घरी, एक येडूच्या खोलीत. कुत्रं चावलं त्या दिवसापासून केराबाई रोज दोन्हींत एकेक चिंचोका टाकायची. एक चिमीचा, एक येडूचा. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजण्यात ती कच्ची नव्हती. फक्त तिची मोजणी माहेरची होती, विसांची. बाप मेंढरं मोजायचा ती अशीच: एक वीस, दोन विसा, तीन विसा नि वर पाच. गिरणीतही ती लडी तशाच मोजायची. मुकादम बसप्पा हसायचा, "केराबाई, हितं सायबाचं राज्य हाय, धाच्या ढिगात मांड की!" ती ऐकायची नाही. तिच्या लडी कधी कमी भरल्या नव्हत्या.

मास्तर रोज यायचे. ती दार लोटून घ्यायची.

"एवढं ऐका, केराबाई. बाकी काही मानू नका."

"सुईचं नाव काडू नगासा, मास्तर! पाया पडते. गाठ सुटंल."

मास्तर बाहेरच उभे राहायचे, मग चपला ओढत निघून जायचे. दाराआड ती कानात बोटं घालून बसायची. मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

गाडग्यात अकरा चिंचोके झाले तेव्हा दोऱ्याचा नववा दिवस उजाडला. येडू ठणठणीत, चिमीची जखम सुकलेली. चिंचेखाली सगळी चाळ लोटली. महाराजांनी येडूला चौरंगावर उभं करून हार घातला. "बघा! पिसाळलेल्या कुत्र्यानं तोंड फाडलं आणि माणूस हसतोय! माझ्या हातून आजवर तीन नवे सत्तावीस माणसं वाचली!"

येडू खरंच हसत होता. "वैनी, माजं तोंड आदीच वाकडं हुतं, आता सरळ झालं बगा," तो म्हणाला, आणि लोक पोट धरून हसले.

तेवढ्यात पीरसाब मास्तर पाटी घेऊन उठले. "भाऊ हो, ह्यात चमत्कार काही नाही. ह्याला नवाचा ताळा म्हणतात. गुणाकार बरोबर आला का ते बघायला मी पोरांना शिकवतो. हे बघा, कुठलाही आकडा घ्या..." त्यांनी भराभरा पाटीवर वजाबाक्या मांडल्या. "पुन्हा नऊ. आणि हे बघा, पुन्हा नऊ."

लोकांनी पाटीकडे बघितलं. निम्म्यांना ती वाचता येत नव्हती. अंबुबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमचाबी नऊच आला न्हवं?"

"हो, येणारच."

"मग म्हाराजबी तेच म्हनत्यात की!"

हशा उसळला. कुणीतरी ओरडलं, "तुमी आपली शाळा सांबाळा!" महाराजांनी डोळे मिटून क्षमेचा हात वर केला. त्या हातापुढे मास्तरांची पाटी हरली. ते खाली बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. केराबाईला त्यांची कीव आली, आणि कधी नव्हे ते तिला त्या रात्री शांत झोप लागली.

*

सोळावा चिंचोका टाकायला ती सकाळी येडूच्या खोलीत गेली. गाडगं त्याच्याच कोनाड्यात असायचं. येडू भिंतीला टेकून बसला होता.

"गाल लई मुंग्या आल्यावानी करतोय, वैनी. रातभर डोळा न्हाय लागला."

"च्या घ्या थोडा." तिनं पेला पुढं केला.

येडूनं पेला हातात घेतला, ओठाजवळ नेला. आणि त्याचा गळा आवळला. आतून कुणी दोरी ओढावी तशी मान ताठ झाली, पेला उडाला. तो धापा टाकत राहिला. "काय झालं ह्ये? तान लागलीया, वैनी. पानी द्या."

तिनं तांब्या आणला. नुसतं पाणी हललेलं दिसलं आणि पुन्हा तेच झालं. येडू कोपऱ्यात सरकला, हातानं 'न्या, न्या' म्हणू लागला. दार उघडं होतं, वाऱ्याची झुळूक आली तरी तो दचकत होता. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. "वैनी," तो म्हणाला, "चिमीला हितं येऊ दिऊ नगा."

केराबाई बाहेर आली. चिमी ओट्यावर चिंचोके खेळत होती. केराबाईनं तिला उचललं, आत नेलं, पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. "पी."

"तान न्हाय, आये."

"पी म्हनते न्हवं!" ती एवढ्या जोरात ओरडली की पोर घाबरून घटाघट प्यायली. केराबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिली. पाणी खाली उतरलं.

मास्तरांना हाक मारून तिनं येडूजवळ जायला सांगितलं आणि पोरीला कडेवर घेऊन ती चिंचेकडे पळत सुटली. सुटीचा दिवस होता, सकाळपासूनच गर्दी होती.

"म्हाराज, येडूला पानी गिळंना!"

महाराजांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. पण तोंड चालवायची सवय मोठी असते. "त्यानं काय खाल्लं? वांगं खाल्लं असणार! मी सांगितलं होतं ना पथ्य? गाठ सुटली त्याची."

"वांगं खाऊ नगा म्हनून तुमी म्हनला नव्हता."

"मनात म्हणालो होतो. ज्याची श्रद्धा असते त्याला ऐकू येतं." आणि लगेच आवाज मऊ झाला. "पोरीची काळजी नको. तिला मोठी गाठ मारू. एक नऊ पुरला नाही, तीन नवे करू. सत्तावीस दिवस. दोन नि सात नऊ. नऊ मरत नाही. चिंचोके मोजून घे आणि रोज एक टाकत जा."

केराबाई मातीत बसली. तिला महाराजांशी भांडायचं नव्हतं. तिला तो नऊ हवा होता, दुसरं काहीच नको होतं. झाडाखालचे चिंचोके तिनं ओढले आणि मोजायला लागली. वीस झाले. तिनं सवयीनं त्यांचा ढीग बाजूला केला. मग सात.

ती थांबली. ढिगाकडे बघितलं, सातांकडे बघितलं.

"म्हाराज, ह्यात नऊ कुटं हाय?"

"काय?"

"ही येक ईस. आन हे सात. येक नि सात आठ हुत्यात. आठच हाय की ह्यो."

"नीट मोज."

तिनं पुन्हा मोजलं. घाई न करता, मेंढरं वाड्यात घेताना मोजतात तसं. "ईस. आन सात. पुन्यांदा आठ. म्हाराज, नऊ मेला ह्यात!"

कुणीतरी खुसकन हसलं, पण ते हसू पुढं गेलं नाही.

"अगं, सत्तावीस म्हणजे दोन नि सात!"

"दोन कशाचे?"

"दोन... दोन दहा!"

"मी धाचे ढीग न्हाय केले."

"मग कर! ती गावंढळ मोजणी आहे तुझी. देव दहात मोजतो. म्हणून तर माणसाला दहा बोटं दिली."

"पायाची पण दिली," मागून आवाज आला. पीरसाब मास्तर येडूजवळ चन्नवीरच्या भावाला बसवून, गाडी सांगून आले होते. "हाताची दहा, पायाची दहा. केराबाईच्या बापानं वीसच्या वीस धरली."

केराबाईनं मास्तरांकडे वळूनही बघितलं नाही. ती महाराजांकडेच बघत होती. "माजा बाप इसांत मोजायचा, म्हाराज. येक मेंढरू हरवलं न्हाय त्याचं. इसांत मोजा न्हाय तर धात मोजा, मेंढरं तेवडीच की! लांडगा न्हेईल तर दोनीकडं कमीच भरत्यात. मग ह्यो नऊ तुमच्या मोजनीत जगतो आन माज्या मोजनीत मरतो, तो माज्या पोरीला काय जगवनार? सांगा की! कायतरी सांगा!"

महाराजांनी डोळे मिटले. पोट आत ओढलं. पण ह्या वेळी बोट वर गेलं नाही.

मास्तर खाली बसले. ह्या वेळी त्यांनी पाटी आणली नव्हती. नवव्या दिवशी कुठं चुकलं ते त्यांना आता उमगलं होतं. त्यांनी चिंचोकेच पुढं ओढले.

"चन्नवीर, लहानसा आकडा सांगा."

"सत्तेचाळीस."

मास्तरांनी दहादहाचे चार ढीग केले आणि सात सुटे ठेवले. "महाराज काय सांगतात? चार नि सात मिळवा आणि वजा करा. बरं. हे सात सुटे उचलले. राहिले चार. प्रत्येक ढिगातून एकेक उचलतो." त्यांनी चार चिंचोके उचलले. "आता एकेका ढिगात किती?"

"नऊ," अंबुबाई म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"दहाच्या ढिगातून एक काढला की नऊच उरणार, अंबुबाई. दुसरं काय उरेल? शंभराच्या ढिगातून एक काढला तर नव्याण्णव, म्हणजे अकरा नवे. कुठलाही बिल्ला आणा, उरतात ते नवाचे ढीगच. जे उरलं त्यातूनही त्याचे आकडे काढले, तरी पुन्हा नवाचेच ढीग उरतात; म्हणून त्या आकड्यांची बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस अशीच येते. तुम्ही एक आकडा लपवता, तेव्हा बेरजेला जेवढा कमी पडतो तोच लपवलेला. चन्नवीरचं दोन, सात नि दोन, अकरा झाले. अठराला सात कमी. झालं, ओळखला! शून्य का लपवू देत नाही? नऊ लपवलेत काय, शून्य लपवलंत काय, बेरीज तीच भरते, आणि महाराजांना कळत नाही दोन्हींतलं कुठलं ते! केराबाईच्या विसेतून एक काढा, तर उरतील एकोणीस. तिच्या माहेरी महाराज जन्मले असते, तर एकोणीस मरत नाही म्हणाले असते!"

केराबाईनं शेवटचं ऐकलंच नाही. चार ढिगांतून चार चिंचोके उचलले गेले तेव्हाच तिला कळलं होतं. रोज लडी मोजणाऱ्या बाईला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. तिनं पोर उचलली.

"मास्तर, वेळ हाय का? सोळावा दिस हाय."

मास्तरांनी खोटा धीर दिला नाही. "माहीत नाही. गाडी उभी आहे, चला."

महाराजांचं पुढं काय झालं, हे लोकांनी तिला नंतर सांगितलं. चन्नवीरनं स्वतः उठून तिघांचे लपवलेले आकडे ओळखले, आणि त्याला कुणाचाही अवतार व्हावं लागलं नाही. दुपारी महाराज लघवीला म्हणून झाडामागं गेले ते परत आले नाहीत. दुधनीच्या बाजूला गेले म्हणे. ज्वारीची पोती मात्र आदल्या दिवशीच गेली होती. केराबाईला त्याचं काही नव्हतं.

*

दवाखान्यातले डॉक्टर चिडके होते. "सोळा दिवस काय करत होता?"

मास्तरांनी सांगितलं.

"नऊ दिवस!" डॉक्टर म्हणाले. "ह्या रोगात नऊ दिवस कुणीही जगतं. विष मज्जातंतूंतून डोक्याकडे चढायला आठवडे लागतात, कधी महिने. तुमच्या बुवानं बरोबर असे दिवस निवडले ज्यांत काही होतच नसतं. आणि वाचलेले ते सत्तावीस? निम्म्यांना चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नसणार, उरलेल्यांतही प्रत्येकाला रोग होतोच असं नाही. त्याचा दोरा बांधून मेलेले किती, ते मोजलंय कुणी?"

ते कुणी मोजलं नव्हतं.

"पोरीला पायाला चावलंय. पाय डोक्यापासून लांब. वेळ असेल. असेल म्हणतो, आहे म्हणत नाही." मग घोट्यावरचा दोरा बघून ते थांबले. "हा?"

"तोडा," केराबाई म्हणाली.

येडूला त्याच गाडीतून आणलं होतं. उजेड सोसेना म्हणून तिथल्या त्याच्या खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलं. केराबाई दाराशी बसायची. शुद्ध असली की तो एकच विचारायचा, "चिमीला टोचली?" ती म्हणायची, "टोचली." तिसऱ्या दिवशी, म्हणजे चावल्यापासून अठराव्या दिवशी, त्यानं विचारणं थांबवलं. त्याच सकाळी तिनं त्याच्या गाडग्यात चिंचोका टाकला होता.

चिमीला चौदा सुया झाल्या. चौथ्या दिवसापासून पोट सुजून आलं. दवाखाना दिसला की पोर किंचाळायची, आणि केराबाई तिचे हात धरून स्वतःही रडायची. चौदाव्या सुईला कुणी मेलं नाही, की कुठलं पंचत्व आलं नाही. पण भीती संपली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने उलटू देत.

मग रोज सकाळी एकच काम. तोंड धुवायच्या आधी चिमीसमोर पाण्याचा पेला, आणि केराबाईची नजर तिच्या गळ्यावर. पाणी उतरलं की गाडग्यात चिंचोका. एखाद्या दिवशी पोरीला ठसका लागायचा आणि केराबाई पुन्हा पेला भरून पुढं करायची. दोन विसा झाल्या. तीन झाल्या. उन्हाळा सरला, मृग आला, चाळीची कौलं गळायला लागली, चिमी मास्तरांच्या शाळेत जायला लागली. चार विसा. चार विसा नि दहा. तीन महिने पुरे झाले, तरी केराबाई थांबली नाही.

शंभराव्या दिवशी मास्तर घरी आले. केराबाईनं चिमीचं गाडगं सारवलेल्या जमिनीवर उपडं केलं आणि लेकीला म्हणाली, "मोज." पोरीनं दहाचे दहा ढीग केले. केराबाईनं ते दोनदोन एकत्र सरकवले. पाच विसा. दोन्हीकडून बरोबर भरले.

मग चिमीनं कोनाड्यात आणून ठेवलेलं येडूचं गाडगं काढलं. केराबाई नको म्हणायच्या आत तिनं तेही ओतलं. एक ढीग झाला आणि आठ सुटे राहिले.

"अठरा," चिमी म्हणाली. तिला चिंचेखालचं अजून पाठ होतं. "येक नि आठ नऊ. आये, नऊ आला!"

केराबाईनं ते अठरा चिंचोके ओंजळीत घेतले. मास्तरांनी मान वळवली.

"व्हय, बाई," ती म्हणाली. "नऊ न्हाय मेला. तुजा काका मेला."

वाचकहो, आकडा फार कामाची वस्तू आहे. त्यानं मेंढरं मोजावीत, लडी मोजाव्यात, आजाराचे दिवस मोजावेत. तो कुणाला तारत नाही आणि कुणाला मारत नाही, कारण त्याला तुमच्या लेकराचं नावही ठाऊक नसतं. उद्या तुमच्या गल्लीत कुणी असाच बसला, तर त्याला विचारायला लाजू नका. केराबाईनं विचारलं तेवढंच विचारा, ढीग कशाचे केलेत म्हणून. आणि कुत्रं चावलं असेल तर तेवढंही विचारत बसू नका. आधी जखम साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.